घरचा हिशेब : गाडीचे बुश कोणते घ्यावेत?



एकेकाळी आपल्या वस्तीत दारापुढे सायकल उभी असली तरी घर बरे चालले आहे असे लोक म्हणत. आता कितीतरी घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते. कोणी रिक्षा चालवतो, कोणी केळीचा टेम्पो, कोणी शाळेच्या मुलांची व्हॅन. गाडी घेताना आपण दहा जणांचा सल्ला घेतो. पण गाडीचा लहानसा भाग बदलायचा झाला की कोणालाच विचारत नाही, आणि पैसा नेमका तिथेच झिरपतो. म्हणून आजचा हिशेब मुठीत मावणाऱ्या एका वस्तूचा आहे. तिला बुश म्हणतात.

माझा भाचा जळगावात ईको गाडी चालवतो. सकाळी आणि दुपारी शाळेची मुले, मधल्या वेळात भुसावळ नाहीतर पाचोऱ्याचे एखादे भाडे. गाडी जुनी घेतलेली, हप्ते अजून चालू आहेत. एका रविवारी तो आणि सूनबाई सकाळीच घरी आले. जयभीम झाला, चहा झाला. मग भाचा म्हणाला, "मामा, गाडी भलती वाजी ऱ्हायनी."

सहा महिन्यांपूर्वीच त्याने पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश बदलले होते. दुकानात जो सर्वांत स्वस्त जोड मिळाला तो टाकला होता. आता गतिरोधकावरून गाडी गेली की खालून खडखड, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढ घ्यायची. पुढच्या दोन्ही टायरांची आतली बाजू गुळगुळीत झाली होती. शुक्रवारी शाळेच्या फाटकापाशी त्याने ब्रेक मारला तेव्हा गाडी सरकून एका सायकलवाल्या मुलाच्या अगदी जवळ गेली. मुलाला काही झाले नाही. पण भाचा त्या रात्री जेवला नाही, हे मला सूनबाईने सांगितले.

आता मित्रांनी त्याला नवा सल्ला दिला होता. "लोकल माल टाकूच नको. स्पोर्ट्स कारला टाकतात ते लाल बुश टाक, आयुष्यभर बघायला नको." त्या लाल बुशची किंमत स्वस्त जोडाच्या कितीतरी पट होती. पैसे सूनबाईच्या बचत गटातून उचलायचे ठरले होते. सूनबाई मला म्हणाली, "मामा, गटाचे पैसे आहेत. बाकीच्या बायांचा घाम आहे त्यात. एकदा चुकलो, पुन्हा चुकायला नको."

मी पडलो कारकून माणूस. जमा कुठे आणि नावे कुठे ते मला कळते, लोखंड-रबर कळत नाही. तेव्हा आम्ही तिघे अजिंठा रोडकडच्या एका जुन्या मेस्तरींकडे गेलो. या मेस्तरींनी उमेदीची वर्षे पुण्यात काढली. तिथे शौकीन लोकांच्या वेगवान गाड्या आणि रॅलीत पळणाऱ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्याकडून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

बुश म्हणजे काय?

मेस्तरींनी एक जुना बुश माझ्या हातात दिला. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी लहान नळी आणि दोहोंच्या मध्ये रबर. हे रबर नुसते कोंबलेले नसते. कारखान्यात उष्णता देऊन ते दोन्ही नळ्यांना कायमचे चिकटवलेले असते. बाहेरची नळी चाक धरणाऱ्या आर्ममध्ये घट्ट बसते, आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळली जाते. चाक वर-खाली झाले की मधले रबर पिळते आणि पुन्हा जागेवर येते. लोखंडावर लोखंड घासत नाही. गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये कुर्चा असते ना, तसेच हे काम.

गॅरेजमध्ये जुने लोक याला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी युरोपात निघालेल्या मालाचे ते व्यापारी नाव, पुढे वस्तूलाच चिकटले. नावातच काम सांगितले आहे. तो ठोकळा गाडीला गप्प ठेवतो.

रबर कायमचे टिकत नाही. ऊन, तेल आणि वय हे त्याचे तीन शत्रू. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या डांबरावर दिवसभर पळणाऱ्या गाडीचे रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात, मग ते नळीपासून सुटते. त्यात खड्डे आणि जादा भरलेली गाडी यांची भर पडली की ते आणखी लवकर जाते.

स्पोर्ट्स कारला कडक बुश का?

भाच्याने मेस्तरींना लाल बुशची चिठ्ठी दाखवली. मेस्तरी हसले. "हे बुश वाईट नाहीत. पण ते कोणाच्या कामाचे, ते आधी ऐक."

वेगाने वळण घेताना टायर रस्त्याला चिकटून राहू पाहतो आणि गाडी बाहेर फेकली जाते. हा सगळा ताण बुशवर येतो. मऊ रबर थोडे दबते, आर्म किंचित सरकतो आणि चाकाचा ठरवून दिलेला कोन बदलतो. साध्या गाडीत हे आपल्याला जाणवतही नाही. पण स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याला स्टिअरिंग जितके फिरवले तितकेच आणि त्याच क्षणी चाक वळलेले हवे असते. म्हणून तो कडक बुश मागतो.

कडकपणा मोजण्याचे एक माप आहे, त्याला शोअर म्हणतात. गाडीबरोबर येणारे रबरी बुश साधारण ५० ते ७० शोअरचे असतात. लाल, जांभळे, पिवळे दिसतात ते पॉलियुरेथेनचे. हे एक प्रकारचे चिवट प्लास्टिक. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी या पदार्थाचा पाया घातला. त्याचे बुश साधारण ७० पासून ९५ शोअरपर्यंत मिळतात. याहून पुढे गेले की शर्यतीच्या गाडीत रबर-प्लास्टिक काढून थेट लोखंडी गोळीचा सांधा बसवतात. त्यात दबणे मुळीच नाही. रस्त्यावरचा खडा न् खडा चालवणाऱ्याच्या पाठीला कळतो. ते मैदानावर ठीक, रोजच्या रस्त्यावर नाही.

पॉलियुरेथेनचे गुणही मेस्तरींनी सांगितले. त्याला तेल-ग्रीसचा त्रास कमी. पुष्कळदा ते दोन तुकड्यांत येते, म्हणून प्रेस मशीन नसतानाही बसवता येते. आयुष्यही बरे. पण ते नळीला चिकटवलेले नसते. रबर पिळते, तर हे नळीभोवती फिरते. म्हणून त्याला त्याच्यासोबत येणारे खास ग्रीस लागते. ते वाळले किंवा आत माती गेली की गाडी जुन्या लाकडी पलंगासारखी करकरते. दुसरे असे की काही ठिकाणी आर्म फक्त वर-खाली होत नाही, थोडा तिरकाही वळतो. तिथे कडक बुश अडून बसतो आणि जो ताण रबराने खायचा तो आर्मवर आणि त्याच्या पत्र्याच्या खोबणीवर जातो. बुश शाबूत राहतो, पण जिथे तो बसलाय ते फाटते.

आपल्याकडच्या दोन आसनी गाड्या

स्पोर्ट्स कार म्हणजे परदेशातलीच असे नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने दोन माणसांची उघडी रोडस्टर बनवली. तिला अँबॅसडरमध्ये असायचे ते इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन होते. गोव्यात सॅन मोटर्सने फायबरच्या अंगाची 'सॅन स्टॉर्म' काढली, तिचे इंजिन रेनोचे. आता ती गाडी बनत नाही. पुण्याकडे डीसी कंपनीची 'अवंती' तयार झाली.

अशी एखादी गाडी दुरुस्तीला आली की खरी परीक्षा होते, असे मेस्तरी म्हणाले. मोठ्या कंपनीच्या गाडीचा भाग नंबर सांगितला की मिळतो. थोड्याच निघालेल्या गाडीचा भाग कुठून आणणार? अशा लहान कारखान्यांच्या गाड्यांत पुष्कळ सामान बाजारात चालणाऱ्या दुसऱ्या गाड्यांचेच घेतलेले असते. तेव्हा जुना बुश काढायचा, पुसायचा आणि व्हर्निअरने मापे घ्यायची. बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास, बाहेरच्या नळीची लांबी आणि आतल्या नळीची लांबी, अशी चार मापे. ती कोणत्या चालू गाडीच्या बुशशी जुळतात ते शोधायचे. जुळले नाही तर लेथवर नळ्या कातून घ्यायच्या.

पण मापे जुळली म्हणजे झाले असेही नाही. पुण्यात असताना एका शौकिनाच्या दोन आसनी गाडीला मेस्तरींनी मापाचे, पण जड गाडीचे बुश बसवले. बसले फक्कड. गाडी मात्र हलकी. इतके कडक रबर दबेचना. मालक आठवड्याने परत आला, म्हणाला, कंबर गेली. मेस्तरींनी स्वतःच्या खिशातून दुसरे बुश घालून दिले. "तेव्हापासून," ते म्हणाले, "मी मापाच्या आधी वजन विचारतो, आणि वजनाच्या आधी काम विचारतो."

इथे सूनबाईने तोंड उघडले. "मग काका, आमची गाडी काय काम करते? शाळेची लेकरं नेते. वळणावर पळवायची नाही, धक्का बसू द्यायचा नाही आणि ब्रेक लागला की सरळ थांबली पाहिजे."

मेस्तरी भाच्याला म्हणाले, "बुश तुझ्या बायकोने निवडला. आता आपण फक्त नंबर शोधायचा."

बुश गेला हे कसे ओळखावे?

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षणे लक्षात ठेवावीत. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात खालून ठणका ऐकू येतो. ब्रेक मारताना किंवा गिअर टाकून निघताना एकदाच 'खट्' असा आवाज होतो. ब्रेकला गाडी एका अंगाला ओढते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. टायर एकाच बाजूने झिजतो.

पण यांतली काही लक्षणे शॉकअप, बॉल जॉइंट किंवा ब्रेक बिघडल्यानेही येतात. म्हणून "बुश बदला" एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. गाडी उचलून, भक्कम ठोकळ्यावर टेकवून, आर्मच्या सांध्यात टॉमी घालून हलवायला सांगा. रबर फाटलेले किंवा नळीपासून सुटलेले डोळ्यांनी दिसते. मेस्तरींनी आम्हाला तसे दाखवले. डावीकडच्या बुशचे रबर गोल फाटून नळी मोकळी हलत होती. म्हणूनच ब्रेक लागला की आर्म मागे सरकायचा आणि चाक डावीकडे वळायचे.

दोष एकट्या बुशचा नव्हता

मेस्तरींनी फाटलेले रबर निरखून पाहिले आणि विचारले, "मागच्या वेळी बोल्ट कसे आवळले होते? गाडी वर असतानाच?" भाचा म्हणाला, "हो, जॅकवरच."

ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती, म्हणून नीट सांगतो. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबते. तशा स्थितीत बोल्ट घट्ट आवळला तर आतली नळी तिथेच पकडली जाते. गाडी खाली ठेवली की चाक वर येते आणि रबर उभ्या जागीच पिळले जाते. मग ते दिवसरात्र पिळलेलेच राहते आणि चांगल्यातला चांगला बुशही लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी सैल लावावेत. गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन चाकांवर आल्यावर, मगच पुरते आवळावेत. यात दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात, म्हणून घाईतला कारागीर ते टाळतो. आपण उभे राहून तेवढे करून घ्यावे.

आणखी तीन गोष्टी. बुश हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये. नळी चेमटते, म्हणून प्रेसवर दाबून घ्यावा. काही बुशच्या रबरात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावा म्हणून ही सोय असते. जुना ज्या दिशेने होता त्याच दिशेने नवा बसला पाहिजे, तेव्हा काढण्यापूर्वी खडूने खूण करावी. आणि रबरी बुशवर 'आवाज बंद होतो' म्हणून तेल-ग्रीस मारू नये. चार दिवस आवाज बंद होतो, पण रबर फुगून कुजते.

घेताना काय पाहावे?

गाडीचे मॉडेल आणि साल सांगून पार्ट नंबर घ्यावा, नुसते "ईकोचा बुश द्या" म्हणू नये. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे फरक पडतो. काही गाड्यांत बुश सुटा मिळतो, काहींत आर्मसह घ्यावा लागतो. जुना बुश बरोबर न्यावा आणि शेजारी ठेवून पाहावा. पक्के बिल मागावे. बिल देताना जो कुरकुरतो त्याच्या मालाची खात्री तोच देत नाही, असे समजावे. डावा-उजवा दोन्ही बरोबर बदलावेत, नाहीतर एका पायात चप्पल आणि एका पायात बूट अशी गाडीची गत होते. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावेच. ते वाचवून टायर घालवण्यात शहाणपण नाही.

आता हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या दुकानात विचारून त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, स्वस्त जोड ४०० रुपये, मजुरी ६०० आणि अलाइनमेंट ४००. एका वेळचा खर्च १,४०० रुपये. तो सहा महिने टिकला तर तीन वर्षांत सहा वेळा बदलावा लागेल. एकूण ८,४०० रुपये.

समजा, कंपनीचा जोड १,२०० रुपये, मजुरी आणि अलाइनमेंट तेवढेच. एका वेळचा खर्च २,२०० रुपये. तो नीट बसवला आणि तीन वर्षे टिकला तर एकूण २,२०० रुपये. फरक ६,२०० रुपयांचा. यात दोन टायरांचे पैसे आणि गाडी उभी राहिल्याच्या पाच जादा दिवसांची बुडालेली कमाई धरलेली नाही.

समजा, लाल जोड ४,००० रुपये, वरचा खर्च १,०००. एकूण ५,०००. तो सहा वर्षे टिकला तर तीन वर्षांच्या वाट्याला २,५०० रुपये येतात. कागदावर हा सौदा काही फार वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गटाकडून एकदम दुपटीहून जास्त रक्कम उचलावी लागते, त्यावर व्याज द्यावे लागते, वेळोवेळी ग्रीस करावे लागते आणि मागे बसलेल्या लेकरांना रोज धक्के बसतात. ज्याला रविवारी दोन आसनी गाडी घाटात पळवायची आहे त्याने तो खुशाल घ्यावा. त्याचे काम वेगळे, आपले वेगळे.

एक गोष्ट भाड्याच्या गाडीवाल्यांनी विसरू नये. गाडी नवी असताना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसचे पासिंग करावे लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी धावपळ करून मिळेल तो माल टाकणारे मी पाहिले आहेत. त्यापेक्षा दोन महिने आधी गाडी खालून पाहून घ्यावी.

भाच्याने सोमवारी दुपारच्या फेऱ्या शेजारच्या गाडीवाल्याला दिल्या आणि कंपनीच्या नंबराचा जोड आणला. मेस्तरींनी बुश प्रेसवर बसवले, गाडी चाकांवर उभी केली आणि मग बोल्ट आवळले. सूनबाईने बिल गटाच्या वहीत चिकटवले आणि शेजारी तारीख व किलोमीटर लिहून ठेवले. आपल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या घरी अशी वही असावी, ही माझी विनंती आहे. कोणता भाग केव्हा टाकला, किती किलोमीटर टिकला, हे दोन वर्षे लिहिले की दुकानदाराची भुरळ आपल्यावर चालत नाही.

मंगळवारी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा ती व्हॅन शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबली. सरळ रेषेत, आवाज न करता. मुले उड्या मारीत उतरली. त्यांना बुश म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ते माहीत असणे हे गाडी चालवणाऱ्याचे आणि त्याच्या घरच्यांचे काम आहे.